इथे तंबाखू कोणी खात नाही

पेण तालुक्यातल्या जोहे, हमरापूर, तांबडशेत, कळवे या गावांत गणपतीच्या मूर्ती बनतात आणि तंबाखू कोणी खात नाही. यातले पहिले विधान कोणत्याही कारखान्यात डोकावून पडताळता येते. दुसऱ्यासाठी माणसांना विचारावे लागते, आणि विचारले की उत्तर एकच. साचे भरणारा सांगतो, आपल्याला कसले व्यसन नाही, कामात असलो की नुसता बार लावतो. त्याच्या आईने तंबाखूला जन्मात हात लावलेला नाही. ती सकाळ-संध्याकाळ मशेरी लावते, म्हणजे दात घासते. आजोबांना सर्दीचा त्रास, म्हणून चिमूटभर तपकीर. काका बिडी ओढतात ती दम खाण्यासाठी. धाकटा भाऊ पनवेलला नोकरीला. रविवारी घरी आला की जेवणानंतर ‘जरा फाट्यावर’ जाऊन येतो आणि परतताना बडीशेप चघळत येतो. एका घरातली पाच माणसे तंबाखूवर पैसे घालवतात आणि घरात तंबाखू खाणारे कोणी नसते.

महाराष्ट्रात ही वनस्पती स्वतःच्या नावाने फारशी वावरत नाही, आणि तिच्या यशाचे निम्मे श्रेय याच गोष्टीला द्यावे लागेल. दंतमंजन, औषध, विश्रांती, पाहुणचार, पचन अशा निरनिराळ्या नावांनी ती घरोघर राहते. त्यामुळे ‘तंबाखू सोडा’ असा फलक लागला की तो शेजाऱ्यासाठी लावला आहे असे समजून प्रत्येक जण पुढे जातो. सर्वेक्षणात मात्र नावे बदलून सुटता येत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातली १५ वर्षे व त्यावरील वयाची २६.६ टक्के माणसे तंबाखू वापरताना सापडली. त्यात ओढणारे दर शंभरात ३.८ आणि न ओढता वापरणारे २४.४. (बेरीज थोडी पुढे जाते, कारण काही जण दोन्हीकडे हजेरी लावतात.) सिनेमातला नायक खिडकीशी उभा राहून धुराची वलये सोडतो ते दिसायला ठीक आहे, पण मराठी माणसाचे प्रतिनिधित्व करायचे तर त्याने खालचा ओठ थोडा फुगवून गप्प बसायला हवे.

जोह्यासारख्या गावात ही आकडेवारी कशी तयार होते हे समजायला कारखान्यात तासभर बसणे पुरते. साच्यात प्लास्टर ओतायचे, त्यात काथ्या दाबायचा, साचा सोडवायचा, सांधे घासायचे, शाडूची मूर्ती असेल तर ओल्या हाताने फिरवत बसायचे. या कामात दोन्ही हात माखलेले असतात. सिगारेट हाताशिवाय ओढता येत नाही. बार एकदा ओठाखाली बसला की हात मोकळे. शिवाय कारखान्यात काथ्या, पेंढा, थिनरचे डबे आणि रंगाचे पिंप अशी मांडामांड असते, की तिथे काडी ओढणाऱ्याला मालक गणपतीच्या आधी विसर्जित करील. म्हणून धूर बाहेर, बार आत, अशी कामाची वाटणी आपोआप होते. आषाढ-श्रावणात रात्री जागून रंगकाम चालते तेव्हा चहाच्या किटलीबरोबर पुडीही फिरते. डोळ्यांची आखणी करणाऱ्याला त्या वेळी कोणी हाक मारत नाही. एक तर रेघ हलेल, आणि दुसरे म्हणजे त्याला उत्तर देता येणार नाही.

हे पीक मूळचे इथले नाही. अमेरिकेतून पोर्तुगिजांनी ते आणले आणि पश्चिम किनाऱ्यावरून ते दख्खनेत शिरले. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला, तेव्हा त्याला तिथे तंबाखू दिसली. उत्तरेत ती तोवर पोचली नव्हती. त्याने ती रत्नजडित चिलमीसह बादशहापुढे ठेवली. हकिमाने हरकत घेतली, की या वस्तूबद्दल आपल्या ग्रंथांत काही लिहिलेले नाही. असद बेगाने उत्तर दिले, की प्रत्येक गोष्ट कधीतरी पहिल्यांदाच येते. अकबराने एक-दोन झुरके घेऊन पाहिले आणि पुढे नाद केला नाही. दरबाराने केला. १६१७ साली जहांगिराने बंदीचा हुकूम काढला, आणि सरकारी बंदी व तंबाखूचा खप यांचा एकमेकांशी संबंध नसतो हे तेव्हाच पहिल्यांदा सिद्ध झाले. इंग्रजांनी असल्या भानगडीत न पडता १९४३ साली तंबाखूवर उत्पादन शुल्क बसवले. पुढच्या वर्षीच्या कायद्याचे नाव होते केंद्रीय उत्पादन शुल्क आणि मीठ अधिनियम. पेणच्या खारेपाटात मिठागरे होती आणि घरोघर मशेरी होती. म्हणजे इथल्या माणसाच्या तोंडात जाणाऱ्या दोन प्रमुख वस्तू सरकारने एकाच कायद्यात बसवल्या होत्या.

आता प्रकारांकडे. मशेरी हा सर्वांत घरगुती प्रकार. तंबाखूची पाने चुलीवरच्या तव्यात भाजतात, काळी पडली की उतरवतात आणि चुरून पूड करतात. भाजण्याचे काम गुपचूप करता येत नाही. मिरचीच्या फोडणीला घर शिंकते, मशेरीला आळी खोकते. अमकीच्या घरी आज मशेरी भाजली हे चार घरे सोडून राहणारीलाही कळते आणि ती वाटी घेऊन येते. पूड तळहातावर घ्यायची, तर्जनीने दातांवर आणि हिरड्यांवर फिरवायची. दात घासायला तीन मिनिटे पुरतात. मशेरी अर्धा तास चालते, कारण ती पडवीच्या पायरीवर बसून लावायची असते आणि त्या वेळात गावातली लग्ने, आजारपणे व भांडणे यांचा आढावा घ्यायचा असतो. बाईमाणसाला घरात बिनकामाचे बसलेले कोणी पाहू शकत नाही. दात घासताना मात्र कोणी उठवत नाही. दिवसभरातली हक्काची विश्रांती जिला मशेरीनेच मिळवून दिली, ती तिला सहजी सोडेल ही अपेक्षा पुरुषांनी तरी करू नये.

सुरुवात बहुधा दाढदुखीने होते. कोणीतरी सांगते, चिमूटभर लाव, बरे वाटेल. बरे वाटते, कारण निकोटीन आपले काम करते. दाढ पुढे पडते, मशेरी राहते. आरोग्य केंद्रातला संवाद मग असा होतो. “तंबाखू खाता का?” “नाय ओ डॉक्टर.” “मशेरी लावता?” “ती तं सगल्याच लावतान.” तंबाखूयुक्त दंतमंजन बनवण्या-विकण्यावर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली, तव्यावर भाजलेल्या मंजनाला ती लागू पडत नाही. मुंबईत १२१७ गर्भवतींचा एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. धुराविना तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि त्या स्त्रियांतल्या बहुतेक मशेरीवाल्या होत्या. मशेरी दातांसाठी लावतात या समजुतीत पोटातल्या बाळाचे वजन कमी होण्याची जागा कुठेच नसते, म्हणून ही बातमी पडवीच्या पायरीपर्यंत पोचायला फार वेळ लागतो.

तपकिरीबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. ती आता मुख्यतः रंगाच्या रूपाने उरली आहे. तपकिरी शालू, तपकिरी बूट, तपकिरी डोळे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी तपकिरीची डबी पाहिलेली नसते. ज्यांनी पाहिली आहे त्यांना जुने मास्तर आठवतात: अंगठा आणि तर्जनीत चिमूट, एकेका नाकपुडीला एकेक झटका, मग वर्गावर पसरलेली शांतता, मग शिंक, आणि नंतर तो रुमाल, ज्याचा मूळ रंग सांगण्याची पैज कोणी जिंकली नाही.

मळलेली तंबाखू हा खरा राजमान्य प्रकार. डाव्या तळहातावर चिमूट घ्यायची, नखाने चुना लावायचा, उजव्या अंगठ्याने मळायचे, काड्या वेचून टाकायच्या आणि दोन-तीन थापा मारायच्या. थापेने जी धूळ उडते ती शेजारच्याच्या नाकात जाते. त्याला तक्रार करता येत नाही, कारण पुढची चिमूट त्याला मिळणार असते. मग बार ओठाखाली. चुन्याचे काम हौसेचे नाही. चुना अल्कधर्मी असतो; त्याच्या सहवासात तंबाखूतले निकोटीन मोकळे होते आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात उतरते. हे रसायनशास्त्र शाळेत न गेलेल्या माणसाच्या अंगठ्याला पक्के ठाऊक असते. त्याच चुन्याने ती त्वचा सोलवटते, बार ठेवायच्या जागी पांढरा चट्टा येतो, आणि चट्टा झोंबू लागला की माणूस उपाय करतो. उपाय म्हणजे बार दुसऱ्या गालात ठेवणे.

या प्रकाराची सामाजिक बाजू जास्त मजबूत आहे. मराठी माणसाला अनोळखी माणसाकडे काही मागणे जड जाते. तहान लागली तरी तो नळ शोधतो, रस्ता चुकला तरी दोन किलोमीटर पुढे जाऊन पाहतो. पण एसटीच्या थांब्यावर कोणी पुडी काढलेली दिसली की अर्धवट पुढे केलेला तळहात आपोआप निघतो. “हाय का जरा?” एवढेच. एकाकडे तंबाखू असते, दुसऱ्याकडे चुन्याची डबी. दोघांनी एकत्र आल्याशिवाय भागत नाही. कचेरीत साहेबाने शिपायाकडे रजेचा हिशेब मागितला तर शिपायाच्या कपाळाला आठ्या पडतात, चिमूट मागितली तर तो खुर्चीजवळ येऊन स्वतः मळून देतो. गावातल्या भावकीच्या वादात बोलणे बंद असलेले दोघे एकमेकांच्या पुडीतून तंबाखू घेताना दिसतात. बोलणे बंद असते, तंबाखू नव्हे. ज्या वस्तूने इतक्या स्वस्तात माणसे जोडली, तिच्याविरुद्ध नुसत्या फलकांनी लढणाऱ्यांनी आधी हा हिशेब तपासायला हवा.

पुडीचे चित्रही पाहण्यासारखे. संगमनेरच्या गाय छाप जर्द्याने महाराष्ट्राच्या खिशात कित्येक पिढ्या काढल्या. दुकानात ‘तंबाखू द्या’ म्हणणारा परगावचा ओळखला जातो. इथला माणूस ‘गाय द्या’ म्हणतो. १ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापलेला असावा असा नियम लागू झाला. त्यामुळे गायीच्या वाट्याला उरलेले १५ टक्के कुरण आले, आणि बाकीच्या जागेत सडलेल्या जबड्याचे चित्र. ग्राहकाने यावर तोडगा काढला. तंबाखू तो पुडीतून काढून पितळेच्या किंवा प्लास्टिकच्या डबीत भरतो. जबड्याचे चित्र दुकानदाराच्या कचऱ्यात जाते.

तोंडात बार असताना बोलली जाणारी मराठी ही एक वेगळी बोली मानायला हरकत नाही. तिच्यात प, फ, ब, भ, म हे वर्ण नसतात, कारण त्यांना ओठ मिटावे लागतात आणि मिटून उघडताना धोका असतो. होकार ‘हं’, नकार ‘अंहं’, आश्चर्य भुवयांनी. वाक्य फारच लांबवायचे असेल तर हनुवटी आभाळाकडे करून बोलावे लागते. त्या आसनात माणूस कमालीचा तत्त्वज्ञ दिसतो आणि ‘बापूने फाटक उघडलं का’ हा साधा प्रश्न त्याच्या तोंडून ‘आऊनं हाटक उगडलं का’ असा येतो. ऐकणाऱ्यालाही सवय असल्याने संवाद अडत नाही. महत्त्वाचे काही सांगायचे असले की बोलणारा आधी उठून बाहेर जातो, पिंक टाकतो आणि परत येतो. ग्रामसभेत एखादा सदस्य असा उठला की अध्यक्ष सावध होतात. आता विरोध होणार.

बिडीचा स्वभाव याच्या उलट. ती तोंड बंद करत नाही, बोलायला लावते, कारण ती सारखी विझते. ओढणारा बोलण्यात गुंतला की ती विझलीच, मग काडी मागायची, मग पुन्हा बोलणे. सुताराच्या एका कानावर पेन्सिल आणि दुसऱ्यावर अर्धी बिडी असते, आणि घाईत तो चुकीची वस्तू ओठांत धरतो. टेंभुर्णीचे पान विदर्भाच्या जंगलातून, गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूने येते. तंबाखू निपाणीच्या माळावरून. सोलापूर, सिन्नर, नगर इथे बिडी वळणारे हात बहुतेक बायकांचे. या बिनमहत्त्वाच्या दिसणाऱ्या वस्तूमागे केवढे संसार आहेत हे दोनदा ठळकपणे दिसले. १९८१ साली निपाणीत शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी भावासाठी महामार्ग अडवला, आणि एप्रिलमध्ये झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. दुसऱ्यांदा, सोलापूरजवळ कुंभारी येथे बिडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि २००६ साली पंतप्रधान तिच्या समारंभाला आले. बिडी ओढणाऱ्याला डॉक्टर ‘सोडा’ म्हणतो तेव्हा या बायकांनी काय धरावे, हे सांगणारे खाते सरकारात अजून नीट उघडलेले नाही.

सिगारेट ही शिकलेल्यांची बिडी. विलेपार्ल्याच्या गोल्डन टोबॅकोची पनामा आणि हैदराबादची चारमिनार यांवर एका पिढीने क्रांतीच्या चर्चा केल्या. चर्चा संपल्या तेव्हा क्रांती व्हायची होती आणि पाकीट संपलेले होते. लग्नात वरपक्षाच्या तबकात विड्यांबरोबर सिगारेटचे पाकीट नसले तर व्याही रुसत. मुलगा मात्र बापासमोर ओढत नसे. बाप पायऱ्या चढताना दिसला की मुलगा पेटती सिगारेट पाठीमागे धरी, आणि पाठीमागून धूर वर येत असताना बाप हवापाण्याच्या गप्पा मारी, कारण त्यालाही त्याचा बाप येण्याआधी गच्चीवर जायचे असे. ही लाजच खरे तर तंबाखूविरोधातली सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त योजना होती. टपरीवर जळत्या सुंभाचा तुकडा लोंबकळत असे, त्यावर सिगारेट पेटवायची. सुंभ जळायचा, पीळ तसाच राहायचा. आता दोरीला बांधलेला लायटर असतो. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला मनाई केली, म्हणजे सुट्या पैशांत एकच मागणाऱ्याने आता अख्खे पाकीट घ्यावे. टपरीवाल्याने हा हुकूम पाळला असता तर लायटर कधीच काढून ठेवला असता.

कायद्यांची बाब निघाली आहे तर गुटख्याचे पाहणे भाग आहे. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली; २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. जुलै २०१२ मध्ये नवा अन्नसुरक्षा कायदा हाताशी घेऊन बंदी पुन्हा आली आणि दर वर्षी तिची मुदत वाढत आली. कायद्याचा युक्तिवाद असा: गुटखा हा अन्नपदार्थ आहे, अन्नपदार्थात तंबाखू घालायची नाही, म्हणून गुटखा बंद. नुसती तंबाखू हा अन्नपदार्थ नाही, म्हणून ती चालू. गुटखा खाणाऱ्याला आपण अन्न खात होतो हे प्रथमच कळले. तेव्हापासून नाक्यावर गुटखा मिळत नाही. तो मागावा लागतो, आणि मागताना आवाज उतरवावा लागतो. विदर्भात सुपारी-तंबाखूचा खर्रा आणि नगर-पुण्याकडे तसाच मावा प्लास्टिकच्या कागदात घासून दिला जातो. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने सरकारच्या साथीने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ चालवला, तो गावोगाव खर्ऱ्याशीच झगडतो. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असा २००३ च्या केंद्रीय कायद्याचा दंडक आहे. यार्ड हे माप गावात कोणाजवळ नाही. गुरुजी पावलांनी मोजतात, टपरीवाला आपल्या पावलांनी मोजतो, आणि टपरीवाल्याची पावले लहान पडतात.

उरली थुंकी. एसटीत मागच्या खिडकीजवळ बसलेला माणूस पुढच्या खिडकीतून डोके बाहेर निघालेले पाहतो तेव्हा त्याला काच ओढून घ्यायला एक सेकंद मिळतो. मुंबई-गोवा महामार्गावर नियमित प्रवास करणाऱ्यांची ही हालचाल डोळ्याचे पाते लवण्याइतकी जलद झालेली असते. सरकारी इमारतींच्या जिन्यात कोपरे लाल होऊ लागले, तसा लोकांनी देवाचा धावा केला: कोपऱ्याकोपऱ्यांत गणपती, साईबाबा, येशू, मक्का यांच्या फरशा बसल्या. दंडाच्या पाटीने जे साधले नाही ते गणपतीच्या फरशीने बरेचसे साधले. फरशी जिथे संपते तिथून मात्र पुन्हा लाल. जोहे-हमरापुरात गणपतीच गणपती, कोपरा शोधायला जागा नाही. तिथला कारागीर पिंक टाकायला कारखान्यातून थेट रस्त्यावर जातो. पेणच्या मूर्तींनी देशोदेशी नाव मिळवले, त्यात या अनपेक्षित स्वच्छतेचाही उल्लेख व्हायला हवा होता.

आरोग्याची बाजू विनोदाला फार जागा देत नाही, तरी माणसे ती करून घेतात. मार्च २०१५ मध्ये संसदेच्या एका समितीचे अध्यक्ष, नगरचे खासदार दिलीप गांधी यांनी सांगितले, की तंबाखूने कर्करोग होतो असे दाखवणारा भारतीय अभ्यास झालेला नाही. जे आहेत ते परदेशी. नगरच्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने खेडोपाडी फिरून १,०१,७६१ माणसांची तोंडे उघडून तपासली होती आणि तंबाखू व तोंडाचे विकार यांचा संबंध मांडून १९७२ साली प्रसिद्धही केला होता. लाख माणसांनी आ वासला होता तो फुकट गेला. त्या विधानाच्या थोडे आधी, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, आर. आर. ऊर्फ आबा पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले. गृहमंत्री असतानाही आबांच्या खिशातली पुडी कार्यकर्त्यांना ठाऊक होती. शरद पवारांना २००४ साली याच रोगाची शस्त्रक्रिया करावी लागली आणि सुपारी-तंबाखू वेळीच कोणी सोडायला लावली असती तर बरे झाले असते, असे ते जाहीरपणे सांगत आले. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून आणि आता खारघरलाही या रोगाचे रुग्ण येतात. पेणहून खारघर फार लांब नाही. नारळ वाढवून गणपतीचा ट्रक ज्या रस्त्याने निघतो, तोच रस्ता.

सुपारीचा स्वतंत्र उपद्रव आहे. गुटखा, मावा, खर्रा यांतल्या सुपारीने गालाच्या आतला भाग हळूहळू ताठ होतो आणि तोंड उघडेनासे होते. ते तपासायला यंत्र लागत नाही. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकाला एक जोडून उभी करावीत आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहावीत. तीन बोटे सहज गेली तर ठीक. दोनच गेली तर दंतवैद्याकडे जावे. एकच गेले तर त्याच दिवशी जावे. वडापाव चेपून खाण्याची सवय लागली असेल तर बोटांचीही गरज नाही.

सोडणाऱ्यांचे प्रकार थोडक्यात सांगता येतील. एक जण दर १ जानेवारीला सोडतो. एक जण गणपतीचे दहा दिवस सोडतो आणि विसर्जनाच्या रात्री, बाप्पा पाण्यात जाताच, पुडी काढतो. एक जण विकत घेणे सोडतो. त्याचा त्रास मित्रांना. खरोखर सोडणाराही असतो, आणि त्याला पहिले काही आठवडे हाताचे काय करायचे हे कळत नाही, चिडचिड होते, झोप बिघडते. निकोटीन शरीरातून निघताना हे होतेच आणि ओसरतेही. अशा माणसासाठी केंद्र सरकारने २०१६ साली मोफत फोनसेवा सुरू केली: १८००-११-२३५६. हा क्रमांक शोधायला कुठे जावे लागत नाही, कारण १ सप्टेंबर २०१८ पासून तो तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. पुडी फोडताना तेवढी ती क्रमांकाच्या बाजूने फाडू नये.